नैसर्गिक जलातील सूक्ष्म आर्सेनिकचे मापन : क्षेत्रीय चाचणी-संचांविषयीच्या दोन शोधनिबंधांची चिकित्सा

सारांश : बंगालच्या त्रिभुज प्रदेशातील भूजलात आर्सेनिक आढळल्यानंतर लाखो कूपनलिकांची तपासणी क्षेत्रीय चाचणी-संचांच्या साहाय्याने करण्यात आली आणि त्या तपासणीच्या आधारे कूपनलिकांना लाल अथवा हिरवा रंग देण्यात आला. या संचांच्या विश्वासार्हतेविषयी २००२ आणि २००५ या वर्षी प्रसिद्ध झालेल्या दोन शोधनिबंधांचे निष्कर्ष वरकरणी परस्परविरोधी आहेत. प्रस्तुत लेखात या दोन निबंधांची तुलनात्मक चिकित्सा केली असून, त्यांच्यातील विरोध आकड्यांपेक्षा प्रश्नांच्या भिन्नतेतून निर्माण झाला आहे, असे प्रतिपादन केले आहे. मापनाचा आकडा त्याच्या अनिश्चिततेसह लोकांपर्यंत पोहोचविणे ही मापनाचीच जबाबदारी आहे, हा लेखाचा मुख्य मुद्दा आहे.

बीजसंज्ञा : आर्सेनिक, भूजल, क्षेत्रीय चाचणी-संच, शोध-मर्यादा, मापनातील अनिश्चितता.

१. प्रस्तावना

आर्सेनिकची संयुगे भारतीय समाजाला नवी नाहीत. ‘सोमल’ या नावाने ती वैद्यकात आणि विषप्रयोगाच्या कथांत पूर्वीपासून परिचित आहेत. परंतु पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिकचा प्रश्न सोमलाच्या पुडीपेक्षा सर्वस्वी वेगळा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने सुचविलेली मर्यादा एका लिटरमागे १० मायक्रोग्रॅम इतकी आहे. दहा हजार लिटर क्षमतेच्या दहा टँकरांतील पाण्यात मिळून केवळ एक ग्रॅम आर्सेनिक मिसळले, तर जे प्रमाण होईल ते हे प्रमाण होय. अशा पाण्याला रंग नसतो, वास नसतो, चवही नसते. क्षारयुक्त पाणी जिभेला कळते, लोहयुक्त पाण्याचा तांबूस थर भांड्यावर बसतो, गढूळपणा डोळ्यांना दिसतो. आर्सेनिकच्या बाबतीत पाणी पिणाऱ्याची सर्व ज्ञानेंद्रिये निरुपयोगी ठरतात. त्याचे परिणाम मात्र कालांतराने त्वचेवरील काळसर डाग, तळहात व तळपाय खरखरीत होणे आणि पुढे त्वचा, मूत्राशय व फुप्फुस यांचे कर्करोग या स्वरूपात प्रकट होतात.

याचा अर्थ असा, की या प्रश्नात मापन हाच एकमेव साक्षीदार असतो. साक्षीदार एकच असेल तर त्याची उलटतपासणी अधिक काटेकोरपणे होणे आवश्यक ठरते. बांगलादेश आणि पश्चिम बंगाल येथील अनुभव या दृष्टीने अभ्यसनीय आहे. तेथे मापनाचा निकाल प्रयोगशाळेच्या नोंदवहीत न राहता थेट हातपंपाच्या तोंडावर रंगाने लिहिला गेला आणि त्या रंगानुसार कुटुंबांनी पाणी कोठून भरावे हे ठरू लागले.

२. पार्श्वभूमी : न तपासलेले आणि न आढळलेले

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंगालच्या ग्रामीण भागात उथळ कूपनलिकांचा मोठ्या प्रमाणावर प्रसार झाला. तळी व नाले यांतील दूषित पाण्यामुळे पसरणारे अतिसारादी रोग टाळणे हा त्यामागील हेतू होता, आणि रोगजंतूंच्या दृष्टीने हे पाणी खरोखरच अधिक सुरक्षित होते. १९८३ मध्ये कोलकात्यातील स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी पश्चिम बंगालमधील रुग्णांच्या त्वचाविकारांचा संबंध आर्सेनिकशी असल्याचे ओळखले. पुढे जादवपूर विद्यापीठातील दीपंकर चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्याच्या विश्लेषणाचे दीर्घकालीन कार्य उभे केले. बांगलादेशात १९९३ मध्ये भूजलातील आर्सेनिकची प्रथम नोंद झाली. ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि बांगलादेशाचे सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी खाते यांनी संयुक्तपणे केलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात ३,५३४ कूपनलिकांचे नमुने तपासले गेले. १५० मीटरपेक्षा कमी खोलीच्या कूपनलिकांपैकी २७ टक्के कूपनलिकांत ५० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक, तर ४६ टक्के कूपनलिकांत १० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक आर्सेनिक आढळले.

याच इतिहासात मापनाच्या तत्त्वज्ञानाशी निगडित असलेला एक प्रसंग आहे. ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९९२ मध्ये मध्य व ईशान्य बांगलादेशातील भूजलाच्या रासायनिक घटकांविषयी एक अहवाल सादर केला होता. त्या अभ्यासात अनेक घटकांची तपासणी झाली. आर्सेनिकची झाली नाही. पुढे हा विषय इंग्लंडमधील न्यायालयात गेला. अहवालातील मौनामुळे पाणी सुरक्षित असल्याचा समज झाला, असा वादीचा दावा होता. २००६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने हा दावा अमान्य केला. त्या संस्थेचे बांगलादेशाच्या पाणीपुरवठ्यावर कोणतेही नियंत्रण नव्हते, त्यामुळे तेथील नागरिकांप्रति तिचे कायदेशीर दायित्व निर्माण होत नाही, असा निर्णयाचा आशय होता.

कायद्याच्या दृष्टीने हा प्रश्न तेथे संपला. विश्लेषण-रसायनशास्त्राच्या दृष्टीने तो तेथून सुरू होतो. ‘आर्सेनिक तपासले नाही’, ‘आर्सेनिक तपासले, परंतु पद्धतीच्या शोध-मर्यादेपर्यंत आढळले नाही’ आणि ‘आर्सेनिक नाही’ ही तीन सर्वस्वी भिन्न विधाने आहेत. यांपैकी तिसरे विधान कोणतीही प्रयोगशाळा करू शकत नाही. तरीही वाचणारा पहिली दोन विधाने तिसऱ्यासारखीच वाचतो. क्षेत्रीय चाचणी-संचांविषयीचा वाद समजून घेताना हा भेद सतत ध्यानात ठेवावा लागतो.

३. मापनपद्धतीचे स्वरूप

आर्सेनिकच्या सूक्ष्म मापनाच्या बहुतेक पद्धती एकाच रासायनिक गुणधर्मावर आधारलेल्या आहेत. आम्ल आणि जस्त यांच्या अभिक्रियेतून निर्माण होणाऱ्या हायड्रोजनच्या सान्निध्यात पाण्यातील आर्सेनिकचे आर्सिन या वायूत रूपांतर होते आणि तो द्रावणातून बाहेर पडतो. जेम्स मार्श या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८३६ मध्ये याच तत्त्वावर विषप्रयोगाच्या तपासासाठी चाचणी मांडली. १८७९ मध्ये गुट्झाइटने हा वायू क्षाराने माखलेल्या कागदावर पकडून त्यावर उमटणाऱ्या डागाने आर्सेनिक ओळखण्याची सुलभ रीत दिली. आजचे क्षेत्रीय संच म्हणजे या रीतीचेच सुधारित रूप होय. बाटलीत पाण्याचा नमुना घ्यावयाचा, त्यात आम्ल व जस्ताची भुकटी टाकावयाची, झाकणात मर्क्युरिक ब्रोमाइडची पट्टी बसवावयाची आणि ठरावीक वेळाने पट्टीवर आलेला पिवळा ते तपकिरी रंग छापील रंगपट्टीशी ताडून पाहावयाचा, अशी ही कृती आहे. पाण्यात हायड्रोजन सल्फाइड असल्यास तेही पट्टीवर डाग उमटविते. त्यासाठी शिशाच्या अ‍ॅसिटेटमध्ये भिजविलेला कापूस वा एखादे ऑक्सिडीकारक द्रव्य वापरले जाते.

प्रयोगशाळेतील पद्धतीतही तत्त्व तेच असते. फरक वायूच्या मापनात असतो. हायड्राइड-निर्मिती आणि अणुशोषण वर्णपटमिती यांच्या संयोगात आर्सिन वायू तापविलेल्या नळीत नेऊन त्याचे विघटन केले जाते आणि मुक्त अणूंनी शोषलेला प्रकाश उपकरण मोजते. डोळ्याची जागा प्रकाश-संवेदक घेतो आणि रंगपट्टीची जागा प्रमाण-द्रावणांवरून काढलेला आलेख घेतो. जादवपूर येथील प्रयोगशाळेने वापरलेल्या पद्धतीची शोध-मर्यादा ९५ टक्के विश्वास-पातळीवर ३ मायक्रोग्रॅम प्रतिलिटर इतकी नोंदविली गेली आहे.

क्षेत्रीय संचाच्या मर्यादा त्याच्या रचनेतच आहेत. पहिली मर्यादा रंगपट्टीची. तिच्यावर सलग आकडे नसतात. १०, २५, ५०, १००, २५० अशा ठरावीक पायऱ्या असतात. ज्या पाण्यात ८० मायक्रोग्रॅम आर्सेनिक आहे त्याचा रंग ५० आणि १०० यांच्या मधला येणार. तपासणाऱ्याने तो ५० वाचला तर कूपनलिका मर्यादेच्या आत, १०० वाचला तर मर्यादेबाहेर. दुसरी मर्यादा अभिक्रियेच्या वेगाची. पाण्यातील पंचसंयुजी आर्सेनिक त्रिसंयुजी आर्सेनिकपेक्षा सावकाश आर्सिनमध्ये रूपांतरित होते. वेळ अपुरा पडल्यास वायूचा काही भाग बाटलीतच अडकून राहतो आणि डाग फिका उमटतो. तिसरी मर्यादा परिस्थितीची. झाकणाची फट, पट्टीचा ओलसरपणा, अंगणातील ऊन वा संध्याकाळचा अंधुक प्रकाश, आणि दिवसभरात पन्नासावी पट्टी पाहणारा थकलेला डोळा, हे सर्व घटक आकड्यात उतरतात. नोंदीत मात्र उतरत नाहीत.

४. दोन निबंध, दोन निष्कर्ष

एम. एम. रहमान, दीपंकर चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांचा निबंध २००२ मध्ये ‘एन्व्हायर्न्मेंटल सायन्स अँड टेक्नॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यावेळी बांगलादेशात १३ लाखांहून अधिक कूपनलिका क्षेत्रीय संचांनी तपासून झाल्या होत्या. लेखकांनी २९० कूपनलिकांचे पाणी संचाने आणि प्रयोगशाळेत असे दोन्ही प्रकारे तपासले. असुरक्षित पाणी चुकीने सुरक्षित ठरण्याचे प्रमाण ६८ टक्क्यांपर्यंत, तर सुरक्षित पाणी चुकीने असुरक्षित ठरण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांपर्यंत गेल्याचे त्यांनी नोंदविले. तसेच आधीच रंगविलेल्या कूपनलिकांचे २,८६६ नमुने फेरतपासले असता, ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असलेल्या पट्ट्यात ४४.९ टक्के खुणा चुकीच्या आढळल्या. वरच्या पट्ट्यात हे प्रमाण बरेच कमी होते. शास्त्रीय पडताळणीविना प्रचंड निधी खर्च होत आहे आणि विश्वसनीय आकड्यांसाठी प्रयोगशाळेतील पद्धतींचाच अवलंब केला पाहिजे, असा या निबंधाचा निष्कर्ष आहे.

त्यानंतर तीन वर्षांनी, २००५ मध्ये, त्याच नियतकालिकात अलेक्झांडर व्हॅन गीन आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. ढाक्याजवळील आराईहजार येथील ७९९ कूपनलिकांवर त्यांनी त्याकाळी सर्वाधिक वापरात असलेल्या संचाची परीक्षा घेतली. ५० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेच्या संदर्भात ८८ टक्के कूपनलिकांचा दर्जा संचाने बरोबर ठरविला होता. उरलेल्या चुका मुख्यतः ५० ते १०० या पट्ट्यातील होत्या आणि त्यांत संचाचा कल प्रमाण कमी दाखविण्याकडे होता. अभिक्रियेचा वेळ २० मिनिटांवरून ४० मिनिटांवर नेल्यास या चुका टाळता येतात, असेही त्यांनी दाखविले. संचांनी जमविलेली माहिती, कूपनलिकेचे स्थान व खोली यांच्या जोडीने, बाधित गावांचा अग्रक्रम ठरविण्यास अत्यंत उपयुक्त आहे, असे त्यांचे मत आहे.

या दोन निबंधांचा उल्लेख अनेकदा संचांचे ‘विरोधक’ आणि ‘समर्थक’ अशा विभागणीने केला जातो. ही विभागणी सोयीची असली तरी पुरेशी नाही.

५. चिकित्सा

५.१ टक्केवारीचा छेद

२००२ च्या निबंधातील ६८ टक्के हा आकडा आढळलेली कमाल मर्यादा आहे. ती सरासरी नव्हे. निबंधाच्या सारांशातच ‘इतक्या प्रमाणापर्यंत’ अशी शब्दयोजना आहे. पुढील उल्लेखांत ही शब्दयोजना गळून पडली, तर कमाल आकडाच संचाचा सर्वसाधारण गुणधर्म ठरतो. याउलट २००५ च्या निबंधातील ८८ टक्के हा आकडा एका विशिष्ट प्रदेशातील सर्व कूपनलिकांचा एकत्रित हिशेब आहे. ज्या पाण्यात ५ मायक्रोग्रॅम आहे किंवा ३०० मायक्रोग्रॅम आहे, त्याविषयी कोणताही संच सहसा चुकत नाही. अशा कूपनलिकांची संख्या जितकी अधिक, तितकी एकूण अचूकता आपोआप वाढते. संचाची खरी परीक्षा मर्यादेच्या आसपास होते आणि एकत्रित टक्केवारी नेमकी तीच जागा झाकून टाकते.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न टक्केवारीच्या छेदाचा आहे. संशोधक विचारतो : असुरक्षित कूपनलिकांपैकी किती संचाने ओळखल्या नाहीत? पाणी भरणारी गृहिणी विचारते : माझ्या पंपावर हिरवा रंग आहे, तर पाणी असुरक्षित असण्याची शक्यता किती? हे दोन प्रश्न एक नव्हेत. एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एखादा संच असुरक्षित कूपनलिकांपैकी २० टक्के चुकीने सुरक्षित ठरवितो आणि सुरक्षित कूपनलिकांपैकी १० टक्के चुकीने असुरक्षित ठरवितो, असे मानू. १,००० कूपनलिकांच्या एका परिसरात २५० असुरक्षित आहेत. तेथे संच ७२५ कूपनलिकांना हिरवा रंग देईल व त्यांतील ५०, म्हणजे सुमारे ७ टक्के, असुरक्षित असतील. दुसऱ्या परिसरात १,००० पैकी ७०० असुरक्षित आहेत. तेथे हिरव्या रंगाच्या ४१० कूपनलिकांपैकी १४०, म्हणजे सुमारे ३४ टक्के, असुरक्षित असतील. संच तोच, त्याच्या चुकीचे प्रमाण तेच, रंगही तोच. परंतु एका गावात हिरव्या रंगाचा अर्थ एक आणि दुसऱ्या गावात दुसरा. ज्या गावात धोका सर्वाधिक, त्याच गावात हिरव्या रंगावर विश्वास ठेवणे सर्वात कमी योग्य, असा हा विपरीत न्याय आहे. संचाच्या अचूकतेचा एकच आकडा, मग तो ८८ असो वा अन्य कोणताही, ही बाब सांगू शकत नाही.

५.२ दोन भिन्न प्रश्न

या दृष्टीने पाहता दोन निबंधांतील विरोध बराचसा मावळतो. पहिला निबंध विचारतो की या एका कूपनलिकेवरील रंगावर विसंबून राहता येईल काय. दुसरा निबंध विचारतो की लाखो कूपनलिकांची ही माहिती एकत्र घेतली असता गावांचा अग्रक्रम ठरविता येईल काय. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी नकारार्थी आणि दुसऱ्याचे होकारार्थी असणे, यात कोणतीही विसंगती नाही. अनेक चुकीच्या वाचनांची सरासरी एखाद्या गावाचे चित्र बऱ्यापैकी खरे रेखाटू शकते. परंतु कुटुंब सरासरी पाणी पीत नाही. ते एका विशिष्ट पंपाचे पाणी पिते.

येथे २००५ च्या निबंधाची उणीव दिसून येते. ७९९ पैकी १२ टक्के म्हणजे सुमारे ९६ कूपनलिका होतात. त्यांतील चुका मुख्यतः प्रमाण कमी दाखविणाऱ्या असल्याने, यांपैकी बहुतेक ठिकाणी ५० पेक्षा अधिक आर्सेनिक असलेले पाणी सुरक्षित ठरले. ‘या मर्यादेसह’ माहिती उपयुक्त आहे, असे म्हणताना त्या कुटुंबांचा विचार अग्रक्रमाच्या गणितात विरून जातो. मात्र या लेखकांनी केवळ चूक नोंदवून न थांबता तिचे कारण शोधले आणि वेळ वाढविण्याचा साधा उपाय दिला, हे त्यांच्या निबंधाचे मोठे बलस्थान आहे.

२००२ च्या निबंधाची उणीव दुसऱ्या टोकाची आहे. त्यातील दोषदर्शन सबळ आहे. पर्यायाचा हिशेब मात्र दुबळा आहे. समजा, एक प्रयोगशाळा दिवसाला १०० नमुने याप्रमाणे वर्षातील ३०० दिवस काम करते. म्हणजे वर्षाला ३० हजार नमुने. बांगलादेशातील तपासणी-मोहिमेत पुढे सुमारे ५० लाख कूपनलिका तपासल्या गेल्या आणि त्यांपैकी सुमारे १४ लाख लाल रंगविल्या गेल्या. तेवढे नमुने तपासण्यास अशा एका प्रयोगशाळेला सुमारे १६७ वर्षे लागली असती. वीस प्रयोगशाळांना आठ वर्षांहून अधिक. या काळात लोक पाणी पीतच राहणार होते. सदोष मापन आणि निर्दोष मापन यांची तुलना निबंधात आहे. सदोष मापन आणि मापनाचा अभाव यांची तुलना नाही. आराईहजार परिसरात आपली कूपनलिका असुरक्षित असल्याचे कळल्यावर सुमारे ६० टक्के कुटुंबांनी वर्षभरात पाण्याचा स्रोत बदलला, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. माहितीचा असा उपयोग होत असताना ती माहिती उशिरा देणे हीसुद्धा एक चूकच ठरते. अर्थात याच निष्कर्षाची दुसरी बाजूही विसरता येत नाही. लोक रंगावर विश्वास ठेवतात, म्हणूनच चुकीचा रंग अधिक घातक ठरतो.

५.३ प्रयोगशाळा निर्दोष असते काय?

दोन्ही निबंधांत प्रयोगशाळेतील वाचन हे सत्य मानून संचाची परीक्षा घेतली आहे. अशी तुलना करण्यास दुसरा मार्ग नाही, हे खरे. परंतु प्रयोगशाळेतील आकडा हा बाटलीतील पाण्याचा असतो. भूगर्भातील पाण्याचा नव्हे. बंगालच्या भूजलात ऑक्सिजन अत्यल्प आणि विरघळलेले लोह विपुल असते. लोहाच्या ऑक्सिहायड्रॉक्साइडांचे क्षपण होऊन त्यांना चिकटलेले आर्सेनिक पाण्यात उतरते, हे स्पष्टीकरण १९९८ नंतर सर्वसाधारणपणे स्वीकारले गेले आहे. हेच पाणी बाहेर काढून हवेत ठेवले की उलट क्रिया घडते. लोहाचे ऑक्सिडीकरण होऊन तांबूस साका तळाशी बसतो आणि आर्सेनिकला आपल्यासोबत ओढून नेतो. नमुना घेतल्याबरोबर त्यात नत्राम्ल घालून त्याचा पीएच २ च्या खाली आणला नाही, तर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत बाटलीतील वरच्या पाण्यात आर्सेनिक कमी झालेले असते. अत्यंत संवेदनशील उपकरण अशा वेळी अत्यंत अचूकपणे चुकीचा आकडा देते. उलट क्षेत्रीय संच पाणी उपसल्याबरोबर जागेवरच तपासतो. या एका बाबतीत तो प्रयोगशाळेपेक्षा सरस ठरतो, याची नोंद दोन्ही बाजूंच्या चर्चेत पुरेशी घेतली जात नाही.

आधुनिक आयसीपी-एमएस पद्धतीलाही स्वतःचे अंधबिंदू आहेत. आर्सेनिकचे एकच स्थिर समस्थानिक असून त्याचे वस्तुमान ७५ आहे. पाण्यात क्लोराइड अधिक असल्यास उपकरणातील आर्गॉन आणि क्लोरीन यांच्या संयोगातून त्याच वस्तुमानाचा आयन तयार होतो आणि नसलेले आर्सेनिक ‘दिसू’ लागते. हेलियम वायूचा टक्कर-कक्ष वा गणिती दुरुस्ती यांनी हा दोष दूर करता येतो; परंतु तो ओळखणारा विश्लेषक तेथे असावा लागतो. तात्पर्य, संच आणि प्रयोगशाळा यांतील भेद असत्य आणि सत्य असा नसून, कमी-अधिक जाणलेल्या अनिश्चिततांचा आहे.

६. मर्यादा-रेषेचा प्रश्न

ज्या रेषेच्या आधारे रंग ठरतो ती रेषादेखील मापनापासून स्वतंत्र नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९५८ मध्ये २०० मायक्रोग्रॅम प्रतिलिटर ही मर्यादा दिली होती. ती १९६३ मध्ये ५० वर आणि १९९३ मध्ये १० वर आणली गेली. १० ही मर्यादा ‘तात्पुरती’ म्हणून दिली आहे. त्याखाली धोका नाही, असा तिचा अर्थ नाही. सूक्ष्म प्रमाणाचे मापन आणि निर्मूलन यांतील व्यावहारिक अडचणी लक्षात घेऊन ती ठरविलेली आहे. म्हणजेच जेथवर मोजता व काढता येते, तेथवरच सुरक्षिततेची व्याख्या नेलेली आहे. बांगलादेशाने ५० हेच राष्ट्रीय मानक ठेवले. २०१२ च्या भारतीय मानकात ०.०१ मिलिग्रॅम प्रतिलिटर ही स्वीकारार्ह मर्यादा आणि पर्यायी स्रोत नसल्यास ०.०५ मिलिग्रॅम अशी दुहेरी रचना होती.

यावरून दिसते, की ४९ मायक्रोग्रॅमचे पाणी हिरवे आणि ५१ चे लाल, हा निसर्गातील भेद नव्हे; तो प्रशासनाने आखलेला भेद आहे. प्रशासनाला रेषा लागतेच. परंतु ज्या संचाला ५० आणि ८० यांत फरक करता येत नाही, त्याच्या साहाय्याने ५० ची रेषा दोनच रंगांत रंगविणे म्हणजे संचाजवळ नसलेली निश्चिती त्याच्या नावावर जमा करणे होय. दोन रंगांची ही पद्धत सुलभ होती, निरक्षर माणसालाही कळणारी होती, हे मान्य करूनही तिच्यात ‘शंकास्पद’ या वर्गाला जागाच नव्हती, हा दोष राहतोच. आराईहजारमध्ये २०१२–१३ मध्ये झालेल्या पुढील सर्वेक्षणात १० पर्यंत निळा, १० ते ५० पर्यंत हिरवा आणि ५० च्या वर लाल अशा तीन रंगांचे फलक लावले गेले. तिसऱ्या रंगाने कुटुंबाला निवडीचा वाव दिला. शेजारी निळा फलक असेल तर हिरव्या पंपाचे पाणी कशाला भरावे, हा विचार त्यामुळे शक्य झाला. मात्र तिसरा रंगही प्रमाणाचाच होता. संशयाला स्वतःचा रंग तेथेही मिळाला नाही.

७. भारतीय संदर्भ

हा प्रश्न केवळ गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळाच्या प्रदेशापुरता मर्यादित नाही. गडचिरोली जिल्ह्याच्या सीमेलगतच्या तत्कालीन राजनांदगाव जिल्ह्यातील अंबागड चौकी परिसरात, कौडीकसा व आसपासच्या गावांत, कठीण खडकाच्या प्रदेशातील पाण्यात आर्सेनिक आढळल्याचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. बंगालच्या गाळात तपासलेल्या संचाची अचूकता खडकाळ प्रदेशातील वेगळ्या रासायनिक घडणीच्या पाण्याला जशीच्या तशी लागू करता येत नाही. तेथे स्वतंत्र पडताळणी आवश्यक ठरते.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना क्षेत्रीय संचाने पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद करण्यात आली. पाण्याच्या गुणवत्तेचे ज्ञान गावाच्या हाती देणारी ही तरतूद निश्चितच स्वागतार्ह आहे. महाविद्यालयांतील रसायनशास्त्र विभाग आणि राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे यांतूनही पाणी-तपासणी होत असते. अशा प्रत्येक ठिकाणी बंगालचा धडा उपयोगी पडणारा आहे. अहवालाच्या तक्त्यात आर्सेनिकपुढे शून्य लिहिण्याऐवजी ‘तपासले नाही’ अथवा ‘१० पेक्षा कमी’ असे लिहिणे, पद्धतीची शोध-मर्यादा नमूद करणे, नमुना केव्हा घेतला व त्यात आम्ल घातले होते काय याची नोंद ठेवणे, आणि रेषेच्या आसपासचे सर्व नमुने व उरलेल्यांपैकी काही नमुने प्रयोगशाळेत फेरतपासणीस पाठविणे, या बाबींना फारसा खर्च येत नाही. विद्यार्थ्याला प्रात्यक्षिकात ‘योग्य उत्तर’ काढण्याची सवय लागलेली असते. आपल्या उत्तरावर किती विश्वास ठेवावा हे सांगण्याची सवय लावणे अधिक मोलाचे आहे.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) २००२ आणि २००५ च्या निबंधांतील निष्कर्ष परस्परविरोधी नसून ते भिन्न प्रश्नांची उत्तरे आहेत. पहिला एका कूपनलिकेच्या निदानाविषयी, तर दुसरा समूहाच्या चित्राविषयी बोलतो.

२) संचाच्या अचूकतेचा एकच आकडा दिशाभूल करू शकतो. परिसरातील प्रादुर्भावानुसार त्याच संचाने दिलेल्या हिरव्या रंगाचा अर्थ बदलतो. म्हणून अधिक बाधित गावांत हिरव्या रंगाची फेरतपासणी प्राधान्याने व्हावयास हवी.

३) क्षेत्रीय संच प्राथमिक चाळणी म्हणून अपरिहार्य आहेत, अंतिम निवाडा म्हणून अपुरे आहेत. अभिक्रियेचा वेळ वाढविणे आणि मर्यादेजवळचे नमुने प्रयोगशाळेत पाठविणे यांमुळे त्यांची उपयुक्तता पुष्कळ वाढते.

४) प्रयोगशाळेतील मापनही नमुन्याच्या जतनावर आणि विश्लेषकाच्या जागरूकतेवर अवलंबून असते, त्यालाही चिकित्सेतून सूट देता येत नाही.

पाण्याच्या पंपावर मारलेला रंग काही वर्षांत फिका पडतो, आणि नंतर खोदलेल्या कूपनलिकांना तर रंगच नसतो. रंग नसलेला पंप म्हणजे सुरक्षित पंप, असा समज करून घेणे मानवी स्वभावाला धरून आहे. १९९२ च्या अहवालातील मौनाचाही तसाच अर्थ लावला गेला होता. आपल्या पद्धतीला काय दिसू शकले नाही हे स्पष्ट शब्दांत लिहिणे हा म्हणूनच विश्लेषकाच्या कामाचा उत्तरार्ध आहे, आणि तो पूर्ण केल्याशिवाय पूर्वार्धातील अचूकतेचा लाभ पाणी पिणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही.